ज्युरिसप्रुडन्स डोक्यावरून जातंय? मग रखमाबाईंची केस समोर ठेवून वाचा

एलएलबीच्या पहिल्या वर्षात ज्युरिसप्रुडन्सचा, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा पेपर आला की बहुतेक जण एकच करतात, ऑस्टिन, केल्सन, हार्ट, सॅव्हिनी अशी नावं पाठ करायची, प्रत्येकाच्या थिअरीचे चार मुद्दे आणि त्यावरची चार टीका, पेपर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचं. मला हे फार लागतं, कारण अख्ख्या कोर्समध्ये हा एकच पेपर असा आहे जो तुम्हाला थांबवून विचारतो की बाबा रे, तू ज्याला कायदा म्हणतोयस तो कायदा आहे कशावरून? काँट्रॅक्टच्या पेपरला कायदा काय सांगतो ते शिकतो, इथे कायदा येतो कुठून, तो पाळायचा का, जज तो शोधून काढतात की स्वतः बनवतात, हे विचारायचं. आता हे प्रश्न नुसते हवेत ठेवले तर झोप येणारच. म्हणून मी एकच केस घेतो, आपल्याच मुंबईतली, आणि ती या सगळ्या लोकांपुढे एकेक करून ठेवतो.

केस आहे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. मुंबई हायकोर्ट, १८८४ ते १८८८.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा दादाजी तेव्हा विशीच्या आसपासचा. लग्न झालं पण त्या नांदायला गेल्या नाहीत, आईकडे आणि सावत्र वडिलांकडेच राहिल्या. सावत्र वडील म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. घरात पुस्तकं होती, मुलगी वाचायला लागली, मोठी झाली, आणि तिने ठरवलं की या माणसाकडे मी जाणार नाही. १८८४ मध्ये दादाजीने हायकोर्टात दावा लावला की माझी बायको माझ्याकडे राहायला पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं काय होतं, तर लग्न झालं तेव्हा मला कळतच नव्हतं, याची मला पोसायची ऐपत नाही, याची तब्येत चांगली नाही, आणि हा ज्या नातेवाइकाच्या आसऱ्याला राहतो त्याची वागणूक ठीक नाही.

१८८५ च्या सप्टेंबरमध्ये जस्टिस पिन्हे यांनी दावा फेटाळला. लहानपणी, स्वतःचं काही न कळण्याच्या वयात लग्न लावलेल्या, नवऱ्याबरोबर एक दिवसही न राहिलेल्या तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध त्या माणसाच्या हवाली करणं हे रानटी आणि क्रूर आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. दादाजी अपिलात गेला. १८८६ मध्ये चीफ जस्टिस सार्जंट आणि जस्टिस बेली यांनी पिन्हेंचा निकाल फिरवला आणि केस परत खाली पाठवली. मार्च १८८७ मध्ये जस्टिस फॅरन यांनी हुकूम दिला की एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन. अख्खा देश या केसवर भांडत होता, टिळकांचा केसरी त्यांच्या विरोधात, सुधारकांची बाजू त्यांच्याकडून, इंग्लंडमधल्या पेपरांतही पत्रं छापून येत होती. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीने २००० रुपये घेऊन हक्क सोडला, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं प्रॅक्टिस केली.

ही झाली गोष्ट. आता पहिला प्रश्न, आणि हाच माझ्या मते पूर्ण विषयाचा पाया आहे. फॅरनचा हुकूम वाचून तुमच्या तोंडून पहिल्यांदा काय निघतं? “हा काय कायदा आहे का?” या एका वाक्यात दोन प्रश्न एकत्र झालेत. एक, तेव्हाच्या मुंबईत हा खरंच कायदा होता का? दोन, तो योग्य होता का? हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायची सवय लावून घेणं म्हणजे पॉझिटिव्हिझम, मराठी पुस्तकात ज्याला प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. इंग्लंडचे विचारवंत बेंथम आणि त्यांचा शिष्य ऑस्टिन यांनी हे लावून धरलं. लोक समजतात की पॉझिटिव्हिस्ट म्हणजे कायदा जसा आहे तसा गुमान पाळा म्हणणारे, हे साफ चूक आहे. बेंथम आयुष्यभर इंग्लंडच्या कायद्यावर तुटून पडले. त्यांचं म्हणणं असं की आधी मान्य करा की हा कायदा आहे, मग त्याला वाईट म्हणा आणि बदला. वाईट आहे म्हणून तो कायदाच नाही असं म्हणत बसलात तर बदलायचं काय तेच समजत नाही.

ऑस्टिनची थिअरी, १८३२ च्या लेक्चर्समधली, तीन शब्दांत बसते: सार्वभौम, आज्ञा, शिक्षेची धमकी. ज्याचं सगळे ऐकतात आणि जो कुणाचं ऐकत नाही तो सार्वभौम, त्याने आज्ञा दिली, आज्ञा मोडली तर शिक्षा, झाला कायदा. लावून बघा. धमकी सापडते, १८८२ च्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या, म्हणजे दिवाणी दावे चालवायच्या कायद्याच्या कलम २६० मध्ये, नांदण्याची डिक्री (दाव्यातला कोर्टाचा हुकूम) पाळली नाही तर तुरुंग. पण आज्ञा कुणाची? बायकोने नवऱ्याकडे राहायला गेलं पाहिजे, न गेल्यास नवऱ्याने कोर्टात यावं, असा कायदा कुठल्याही विधिमंडळाने केलेला नव्हता. धर्मशास्त्रात पत्नीचं कर्तव्य सांगितलंय, पण त्यासाठी राजाच्या दरबारात असा दावा लावून तिला कैदेत टाकायची सोय नाही, पिन्हेंनी नेमकं यावरच बोट ठेवलं. असा दावा लावायची पद्धत आली होती इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून. भारतात तो पक्का झाला १८६७ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वात वरच्या अपील कोर्टाच्या, एका निकालाने, आणि ते जोडपं होतं मुसलमान. म्हणजे ख्रिश्चन चर्चचा उपाय, मुसलमान जोडप्याच्या केसमधून, एका हिंदू मुलीवर लावला गेला. ऑस्टिन यावर म्हणतील की जजने सांगितलं आणि सार्वभौमाने ते चालू दिलं म्हणजे त्याची मूक आज्ञाच. मला हे उत्तर ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, आणि टीका म्हणून पेपरात लिहायचं असेल तर हेच लिहा.

बेंथमना तर जजने बनवलेल्या कायद्याची चीडच होती. ते म्हणायचे की कुत्र्याला आपण आधी सांगत नाही काय करायचं नाही ते, त्याने केलं की काठी मारतो, जजेस लोकांसाठी असाच कायदा बनवतात. अकरा वर्षाच्या मुलीला १८७५ च्या सुमारास कोण सांगणार होतं की तुझ्या या लग्नाचा अर्थ पुढे १८८७ मध्ये सहा महिने तुरुंग असा लागेल?

केल्सन बऱ्याच जणांना अवघड जातात, पण एका हुकमाला धरून वर चढत गेलं की सोपे होतात. फॅरनचा हुकूम वैध का? कारण हायकोर्टाला तो अधिकार लेटर्स पेटंटने (हायकोर्ट स्थापन करणाऱ्या राजसनदेने) आणि सिव्हिल प्रोसिजर कोडने दिला. कोड वैध का? व्हाइसरॉयच्या कौन्सिलने केलं म्हणून. कौन्सिलला अधिकार कुठून? ब्रिटिश पार्लमेंटच्या १८६१ च्या कायद्यातून. आणि पार्लमेंटचं का ऐकायचं? इथे वर अजून एखादा कायदा नाही. इथे फक्त गृहीत धरावं लागतं की ऐकायचं असतं, आणि हे गृहीतक म्हणजे केल्सनचा ग्रुंडनॉर्म, मूळ नियम. आज हीच शिडी संविधानापाशी थांबते. लक्षात घ्या, या शिडीत न्याय-अन्याय कुठेच आला नाही, केल्सननी तो मुद्दाम बाहेर ठेवलाय, म्हणून त्याला शुद्ध सिद्धांत म्हणतात. काहींना ते कोरडं वाटतं. पण हुकूम कुणाच्या जोरावर दिला गेला हे इतक्या स्वच्छपणे दुसरं कुणी दाखवत नाही.

हार्टवर मात्र जरा थांबू, कारण पिन्हे आणि सार्जंट यांच्यातलं भांडण हार्टशिवाय नीट कळत नाही.

हार्टचं १९६१ चं पुस्तक ऑस्टिनवरच्या टीकेने सुरू होतं. बंदूक रोखून पैसे मागणारा दरोडेखोर पण आज्ञा देतो आणि धमकी देतो, मग तो कायदा का नाही? कारण लोक नुसत्या भीतीने कायदा पाळत नाहीत, तो नियम म्हणून मानतात, आणि कुठला नियम कायदा समजायचा हे ठरवणारा पण एक नियम असतो जो जज, वकील, अधिकारी रोजच्या कामात पाळतात. ही रूल ऑफ रेकग्निशन. मुंबई हायकोर्टात प्रिव्ही कौन्सिलचा निकाल कुणी दाखवला की सगळे मान डोलवायचे, ती यातली गोष्ट.

पण हार्टचा जास्त उपयोगी भाग पुढे आहे. ते म्हणतात प्रत्येक नियमाला एक पक्का गाभा असतो आणि कडेला एक धूसर पट्टा. बागेत वाहनांना बंदी असेल तर मोटारगाडी नक्की बंद, खेळण्यातली गाडी? सांगता येत नाही. आता दादाजीचा दावा बघा. हा दावा मूळचा कशासाठी, तर नवरा-बायको एकत्र राहत होते, एक जण कारणाशिवाय सोडून गेला, त्याला परत आणा. हा गाभा. रखमाबाई कधी राहिल्याच नव्हत्या. जे कधी नव्हतं ते परत कसं आणणार? पिन्हे हेच म्हणाले, की ही केस त्या दाव्यात बसतच नाही आणि इंग्लंडमधून आणलेला उपाय इंग्लंडच्याही पुढे ताणायला मी तयार नाही. सार्जंट म्हणाले, लग्न विधीने पूर्ण झालं, बायकोचं नांदण्याचं कर्तव्य हिंदू कायदा मानतो, आधी एकत्र राहिले की नाही याने काय फरक पडतो? दोघेही जज, दोघांपुढे तोच कायदा, पण केस धूसर पट्ट्यात पडली. हार्टच्या मते अशा पट्ट्यात जजला निवड करावी लागते, तिथे तो थोडाफार कायदा बनवतोच. मला हे प्रामाणिक वाटतं. सार्जंटनी असं दाखवलं की माझे हात बांधलेले आहेत, पण ते तेवढे बांधलेले नव्हते, पिन्हेंनी तेच हात वापरून उलटा निकाल दिला होता.

ड्वॉर्किन इथे हार्टना अडवतात. ते म्हणतात नियम संपले म्हणजे कायदा संपला असं नाही, कायद्यात तत्त्वंही असतात. त्यांचं नेहमीचं उदाहरण न्यूयॉर्कचं, १८८९ ची रिग्ज विरुद्ध पामर, नातवाने मृत्युपत्राच्या पैशासाठी आजोबांना विष घातलं, मृत्युपत्राचे नियम त्याच्या बाजूने होते, तरी कोर्टाने पैसे नाकारले कारण स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा कुणाला मिळू नये हे तत्त्व कायद्यातच आहे. ड्वॉर्किनच्या चष्म्यातून पिन्हेंनी नवा कायदा बनवला नाही, त्यांनी आहे त्या कायद्याचा सगळ्यात चांगला अर्थ लावला. परीक्षेत हार्ट विरुद्ध ड्वॉर्किन असा प्रश्न हमखास येतो, तेव्हा पिन्हेंचा निकाल घ्या आणि विचारा, हे निवड करणं होतं की अर्थ लावणं होतं? दोन्ही बाजूंनी दोन-दोन पानं सहज लिहून होतील.

नॅचरल लॉवाले, म्हणजे नीतीला कायद्याच्या वर मानणारे, म्हणणार की अन्यायाचा कायदा कायदाच नाही. हे वाक्य ऐकायला भारी वाटतं पण रखमाबाईंना त्याचा कितपत उपयोग झाला असता, याची मला शंका आहे, कारण तुरुंगाचा दरवाजा तर खराच होता. त्या मानाने फुलर जास्त कामाचे आहेत. ते म्हणतात कायदा म्हणवून घ्यायचं तर किमान काही गोष्टी पाळाव्या लागतात, नियम आधी जाहीर हवा, स्पष्ट हवा, मागच्या तारखेपासून लावू नये, एकमेकांशी विसंगत नसावा, माणसाला पाळता येईल असा हवा. या कसोटीवर ही केस घासून बघा, प्रत्येक ठिकाणी खरखरतं. आणि एक तारीख लक्षात ठेवा: इंग्लंडने स्वतःकडे या डिक्रीसाठीचा तुरुंग १८८४ मध्येच रद्द केला होता. तीन वर्षांनी मुंबईत त्याच उपायाखाली तुरुंगाचा हुकूम निघाला.

आता सॅव्हिनी. जर्मन विद्वान, म्हणायचे की कायदा लोकांच्या जीवनातून, रूढीतून, भाषेसारखा हळूहळू उगवतो, वरून लादू नये. टिळकांच्या बाजूच्या लोकांचा सूर बराचसा असाच होता, परक्या सरकारने आमच्या घरच्या रीतींमध्ये हात घालू नये. मुद्दा म्हणून तो वजनदार आहे, टाकाऊ नाही. पण या केसमध्ये त्याचा पाय कुठे घसरतो ते बघा, ज्या दाव्याच्या बाजूने ते उभे होते तोच मुळात परका होता! आणि ज्या समाजातून कायदा उगवतो म्हणायचं त्या समाजात अकरा वर्षाच्या मुलीचा आवाज कुठे होता? सॅव्हिनींच्या या ऐतिहासिक स्कूलवर टीका लिहिताना हे दोन प्रश्न कुठल्याही गाइडमधल्या टीकेपेक्षा भारी पडतील. त्याच स्कूलचे हेन्री मेन, जे १८६० च्या दशकात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे लॉ मेंबर म्हणून भारतात होते, ते म्हणाले होते की पुढे जाणारे समाज दर्जाकडून कराराकडे जातात, म्हणजे जन्माने आणि नात्याने ठरलेल्या बंधनांकडून स्वतः मान्य केलेल्या बंधनांकडे. मला लग्न झालं तेव्हा कळत नव्हतं, हे रखमाबाईंचं म्हणणं म्हणजे बाई दर्जातून बाहेर यायला बघतेय आणि कोर्ट तिला परत आत ढकलतंय.

अमेरिकन रिअलिस्टांबद्दल थोडक्यात. जस्टिस होम्स १८९७ मध्ये म्हणाले की कोर्ट प्रत्यक्षात काय करेल याचा अंदाज म्हणजे कायदा. १८८५ मध्ये रखमाबाईंच्या वकिलाने कायदा काय सांगितला असता, आणि १८८७ मध्ये काय? पुस्तकं तीच होती, जज बदलले होते. इतकंच पुरेसं आहे.

शेवटी होफेल्ड, ज्यांचा तक्ता बघून मुलं पान उलटतात. १९१३ मध्ये त्यांनी दाखवलं की आपण हक्क हा एक शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. माझा दावा असेल तर समोरच्यावर कर्तव्य येतं. मला मोकळीक असेल तर समोरच्याला मला अडवायचा दावा नाही. मला अधिकारशक्ती असेल तर मी समोरच्याची कायदेशीर स्थिती बदलू शकतो. आणि मला संरक्षण असेल तर तो माझी स्थिती बदलू शकत नाही. रखमाबाईंचा झगडा होता पहिल्या दोघांत: दादाजी म्हणतो माझा दावा, तुझं कर्तव्य, आणि त्या म्हणतात, मला न जायची मोकळीक आहे.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडू नका, कारण नांदायला येण्याचा दावा आजही आहे, हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम ९. कौटुंबिक न्यायालयात रोज लागतात असे दावे. इंग्लंडने हा उपाय १९७० मध्ये पूर्ण काढून टाकला, आपण ठेवला. तुरुंग मात्र आपल्याकडे १९२३ मध्ये गेला, आता सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर २१ नियम ३२ खाली फक्त मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आणि हिंदू विवाह कायद्याचंच कलम १३(१अ) बघा, डिक्रीनंतर वर्षभर एकत्र राहणं सुरू झालं नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. होफेल्डचा तक्ता आता लावा. कागदावर कलम ९ दावा आणि कर्तव्य देतं, पण प्रत्यक्षात डिक्री हातात आली की मिळते ती मुख्यतः लग्न संपवायची शक्ती. एकत्र आणायच्या नावाने दिलेली डिक्री बऱ्याचदा वेगळं व्हायची पायरी होते. आणि दुसरा वापर पोटगीच्या विरोधात, बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून कलम ९, म्हणजे पुढे म्हणता यावं की मी तर बोलावलं होतं, तीच आली नाही.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने टी. सरिता केसमध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, कारण कुणाबरोबर राहायचं आणि कुणाबरोबर शरीरसंबंध ठेवायचे हे राज्याने डिक्रीने सांगणं म्हणजे खासगीपणावर आणि शरीरावर घाला आहे. कलम बाई-पुरुष दोघांना सारखंच लागू असलं तरी त्याचा भार बाईवरच पडतो, हा मुद्दाही त्या निकालात आहे, फेमिनिस्ट ज्युरिसप्रुडन्स शिकायचं तर तिथूनच सुरुवात करा. पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सरोज राणी केसमध्ये कलम ९ वैध ठरवलं, लग्न मोडू नये म्हणून त्याचा सामाजिक उपयोग आहे, जबरदस्ती फक्त पैशाची आहे, असं म्हणून. माझं मत सरिता निकालाच्या बाजूने आहे, आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी केसमध्ये नऊ जजेसनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटल्यावर सरोज राणीचा पाया परत तपासायला हवा असं मला ठामपणे वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने झारखंडच्या एका केसमध्ये एवढं तरी स्पष्ट केलं की नवऱ्याकडे नांदण्याची डिक्री आहे आणि बायको गेली नाही, एवढ्याच कारणाने तिची पोटगी आपोआप बंद होत नाही, ती का गेली नाही हे कोर्टाने बघायचं.

ती का गेली नाही, हे १८८५ मध्ये पिन्हेंनी बघितलं होतं. दोन्ही निकाल लॉ रिपोर्टमध्ये आहेत, इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत, पिन्हेंचा नवव्या खंडात आणि अपिलाचा दहाव्या. कॉलेजच्या लायब्ररीत मिळतील, फार मोठे नाहीत, एका बैठकीत दोन्ही वाचून होतात.